पांढऱ्या खलातली चटणी

"दाजी, दोन मिनिटं. फक्त दोन," उदयराव म्हणाले आणि माझ्या हातातले कागद त्यांनी दोन बोटांत उचलले, मेलेली पाल शेपटीला धरून उचलावी तसे. "हे काय? हे तर पारायण आहे!"

"इतिहास आहे," मी म्हणालो. "तुम्हीच सांगितलं होतं, संगमरवरी खलाचा इतिहास..."

"इतिहास म्हणजे कसा, मी सांगतो. रोमन लोक वापरायचे. मोगल वापरायचे. मग आमचे बाबा वापरायचे. आता तुम्ही वापरा. टाळ्या. बास! त्यात हे इटलीतलं गाव कुठनं आणलासा?"

"जिनोआ. तिथे तुळशीसारख्या एका पाल्याची चटणी करतात, संगमरवरी खलात. बत्ता मात्र लाकडी असतो, कारण दगडावर दगड घासला की..."

"आपला बत्ता दगडीच आहे. तुम्ही लाकडी म्हटलासा की गिऱ्हाईक लाकडी मागणार. मी काय वखार काढलीय? खोडा ते."

मी खोडलं.

उदयराव शिराळकर हे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. कोल्हापुरात त्यांचं फरशी आणि संगमरवराचं दुकान. अर्ध्या गावाच्या जिन्यांना आणि देवघरांना आपलाच दगड बसलाय, हे ते भेटेल त्याला सांगत. पुढे जिने संपले, देवघरंही संपली, आणि उरलेल्या तुकड्यांचं करायचं काय असा प्रश्न आला. त्यातून खल निघाला. नव्या फ्लॅटातल्या बाईला मिक्सर तर हवाच असतो, पण मिक्सरच्या शेजारी काहीतरी जुनं दिसायलाही हवं असतं, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. दुकानाच्या दारावर रंगीत कापडी फलक झुलत होता: 'आजोबांचा खल, आता तुमच्या ओट्यावर!'

हे आजोबा म्हणजे माझे सासरे, वैद्य शिराळकर. उभ्या हयातीत त्यांनी उदयरावांना आपल्या खलाजवळ फिरकूसुद्धा दिलं नव्हतं.

मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. सांगलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते, हे सासुरवाडीत सर्वांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं. तरी मी भाषणाला हो म्हणालो होतो, कारण दोन महिने हा विषय वाचता वाचता मला त्याचा लळा लागला होता. संगमरवर गार राहतो, त्यामुळे हिरवा पाला त्यात काळवंडत नाही. तो जड असतो, ओट्यावर सरकत नाही. लाकडासारखा लसणाचा वास धरून बसत नाही. युरोपातल्या औषधवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यात मुळ्या आणि साली कुटल्या. खोड त्याची एकच: आंबट त्याला सोसत नाही. लिंबू, चिंच, कैरी लागली की वरचा थर झिजतो आणि चकाकी जाते. म्हणजे दिसायला गोरा, हाताला गार, बसवाल तिथे बसणारा, आणि आंबट लागलं की खचणारा. दगडांतला जावईच म्हणायचा. ही उपमा मी भाषणात घातली होती. उदयरावांनी सगळ्यांत आधी तीच खोडली होती.

खलांचं उद्‌घाटन आणि त्यांच्या मुलीचं डोहाळजेवण त्यांनी एकाच दिवशी, एकाच ठिकाणी काढलं होतं. दुकानातल्या फरशांच्या थप्प्या भिंतीला सारून मधे झोपाळा टांगला होता. झोपाळ्यावर केतकी बसली होती, मोगऱ्याच्या कळ्यांचे दागिने घालून. एका बाजूला ओटीची ताटं, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या खलांचा मनोरा. बायका ओटी भरत होत्या आणि येता-जाता खल उचलून वजन बघत होत्या.

"लेकीचं डोहाळजेवण दुकानात?" मी शालनला हळूच म्हणालो. शालन माझी बायको. "लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, शिराळकरांनी थाटात केलं. तुम्ही केलं असतं तर वाचनालयात केलं असतं, आणि सगळ्यांना गप्प बसायला लावलं असतं."

मी झोपाळ्याकडे वळलो.

केतकी मला आवडायची. लहानपणी सुटीत सांगलीला आली की माझ्या कपाटांपुढे फतकल मारून बसायची आणि संध्याकाळी दिवा लावायला हाक मारेपर्यंत उठायची नाही. लग्नानंतर दोनदा तिला दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा चौथ्या-पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं. दुसऱ्या खेपेला तर ती कितीतरी आठवडे बोलतच नव्हती. आता सातवा सरत आला होता. घरातलं सारं तिच्याभोवती दबक्या पावलांनी चालत होतं. एकटे उदयराव सोडले तर. ते पत्रकार बोलवत होते.

झोपाळ्याशेजारी चौरंगावर तो जुना खल ठेवला होता. सासऱ्यांचा. झेंडूची माळ घातलेला, हळदकुंकू वाहिलेला.

पत्रकार एकच आला होता, जाड चष्म्याचा, त्याच्याबरोबर एक फोटोग्राफर. उदयराव त्यांना सांगत होते, "आमच्या बाबांचं सोवळं कसलं कडक! ह्या खलाला कुणी हात लावायचा नाही. आई नाही, मी नाही. लहानपणी एकदा मी नुसतं बोट लावलं, तर बाबांनी मला परसात नेऊन हात धुवायला लावला. पुन्हा पुन्हा, राख लावून. एवढं पावित्र्य! बाबा गेल्यावर आईनं तो देवघरात ठेवला. दर दसऱ्याला पूजा. लिहून घ्या हे."

पत्रकारानं लिहून घेतलं. मीही ऐकलं. ऐकताना काहीतरी खुपलं, पण माझं असंच होतं. मला पुष्कळ गोष्टी खुपतात आणि त्यांतल्या निम्म्या माझ्याच चुकीच्या निघतात.

मग इंदूवहिनी पुढे आल्या. उदयरावांच्या पत्नी. केतकीला डोहाळे लागले होते कैरीच्या चटणीचे: कैरी, गूळ, हिरवी मिरची, जिरं. ती चटणी सगळ्यांसमोर नव्या खलात वाटायची, पहिला घास केतकीला द्यायचा, फोटो काढायचा आणि मग माझी दोन मिनिटं, असा बेत होता.

वहिनींनी कैरीच्या फोडी नव्या खलात टाकल्या आणि बत्ता हाणला. फोडी सटकल्या. पुन्हा हाणला, पुन्हा सटकल्या. कैरी खलाच्या एका बाजूनं चढायची आणि दुसऱ्या बाजूनं खाली यायची. ठेचली म्हणून जात नव्हती.

"अगं इंदू, चटणी करायलीस का कैरीला घसरगुंडीवर बसवलंयस?" मागून एक बाई म्हणाली.

"जत्रंतला मौत का कुवा हाय की गं ह्यो!"

हशा पिकला. वहिनी घामाघूम. त्यांनी दात-ओठ खाऊन एक जोरदार घाव घातला, तशी एक मिरची उडाली आणि पत्रकाराच्या चष्म्यावर फुटली.

काय झालं होतं ते मला कळलं होतं. उदयरावांनी खल आतूनही जिन्याच्या पायरीसारखा गुळगुळीत घासून घेतला होता. फरशीवाल्याला एकच कळतं, चकाकी. खलाला आतून खरबरीतपणा लागतो, त्याशिवाय तो धरत नाही.

"आतून पॉलिश केलंय," मी शालनला म्हणालो.

"तुम्ही कधी वाटलीय चटणी?"

"नाही."

"मग गप्प बसा."

उदयराव पुढे सरसावले. हरणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. "नवं जरा रुळायला वेळ लागतो, मंडळी! नवी सून आणि नवा खल सारखाच!" असं म्हणून त्यांनी चौरंगावरच्या खलाची माळ काढली, पदराला पुसावा तसा तो उपरण्याला पुसला आणि वहिनींच्या पुढ्यात ठेवला. "हा घे. बाबांचा आशीर्वाद! नातवंडाला पणजोबांच्या खलातली चटणी! घ्या हो फोटो."

फोडी जुन्या खलात पडल्या. वहिनींनी बत्ता फिरवला आणि कैरी पहिल्याच घावाला बसली. कर्रकर्र आवाज आला. बायकांनी "आता कसं!" म्हटलं.

तो आवाज मी ओळखला. आणि मघापासून काय खुपत होतं, तेही तेव्हाच लक्षात आलं.

लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत आम्ही कोल्हापूरला आलो की सासरे मला त्यांच्या मागच्या खोलीत बोलावत. ते सगळ्या जगाला तुच्छ मानत: डॉक्टरांना, वकिलांना, स्वतःच्या मुलाला. मला जरा कमी, कारण मला संस्कृत वाचता येत होतं. ते खलत बसत आणि मी पोथी वाचून दाखवत असे. पारा आणि गंधक एकत्र खलायचं काम असे ते. तासन्‌तास. काजळासारखी काळी भुकटी होईपर्यंत. मग ती उन्हात धरून बघायची. पाऱ्याचा एखादा कण जरी चमकला तरी पुन्हा खलायला बसायचं. पोथीत काळ्या कठीण दगडाचा खल सांगितला आहे, हा पांढरा कसा, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. "एका शेठजीनं दिलाय. आणि पांढऱ्यावर काळं नीट दिसतं," ते म्हणाले होते. मग बत्ता थांबवून माझ्याकडे बघत म्हणाले, "हा खल ह्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर जायचा नाही. इथं पारा असतो, हरताळ असतो, कधी सोमलही असतो, सगळं विषारी. पोरांना कळत नाही, म्हणून नुसतं 'शिवायचं नाही' एवढंच सांगून ठेवलंय."

पोरांना खरंच कळलं नव्हतं. 'शिवायचं नाही' म्हणजे सोवळं, असा त्या घरानं सोयीस्कर अर्थ लावला होता, आणि विषाला हळदकुंकू वाहत आली होती ती माणसं इतकी वर्षं.

आणि आता त्या खरबरीत भोकाभोकांच्या दगडात कैरी वाटली जात होती. आंबट. त्या दगडाचा थर खरवडून काढणारी. तो थर आणि त्यात जे काही मुरलं असेल ते.

मी उदयरावांचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदाच धरला असेन. त्यांना थप्पीमागे ओढत नेलं.

"त्या खलात बाबा पारा खलायचे," मी म्हणालो.

"काय?"

"पारा. आणि सोमल. तो सोवळ्याचा नव्हता. विषाचा होता. केतकीला ती चटणी देऊ नका."

उदयराव माझ्याकडे बघत राहिले. नेहमीचं हसू त्यांच्या तोंडावर नव्हतं.

"कोण म्हणतंय?"

"मी तिथे असायचो. मी पोथी वाचायचो."

"पोथी!" हसू परत आलं. "दाजी, तुम्हाला भाषणातलं जिनोआ का काय ते काढायला लावलं, त्याचा राग आलाय. व्हय की नाही?"

"नाही हो..."

"वीस वर्षं आमच्या आईनं तो खल घासूनपुसून पुजला. तिला काही झालं? तुमचं काय आहे दाजी, तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचलं. एक पोळपाट कधी विकला नाही. आणि आज माझ्या दारात पेपरवाला उभा असताना तुम्ही म्हणता, माझ्या बापाच्या खलात विष! 'आजोबांचा खल' अशी पाटी लावलीय मी बाहेर! तोंडातनं एक शब्द काढलासा तर..." ते थांबले. धमकीसाठी आपण फारच किरकोळ माणूस निवडला आहे, हे बहुधा त्यांच्या लक्षात आलं. "जा. बसा जावा खुर्चीवर. तुमचं भाषण आहे अजून."

ते निघून गेले. मी थप्पीला टेकून उभा राहिलो. सासूबाई गेल्या होत्या त्या म्हातारपणानं, हे खरं होतं. खल इतकी वर्षं धुतला गेला होता, हेही खरं. दगडात पारा मुरतो का? किती? गंधकाशी खलल्यावर तो तितका घातक राहतो का? मला माहीत नव्हतं. एखाद्या डॉक्टरला विचारलं असतं तर तो कदाचित हसला असता. माझं बरोबर असण्याची शक्यता मला नेहमीच कमी वाटते. त्या दिवशीही कमीच वाटली.

मग मी केतकीकडे गेलो. तिलाच कानात सांगावं, म्हटलं.

"आतोबा!" तिनं झोपाळा पायानं थांबवला. "भाषण कधी? बाबा म्हणतात दोन मिनिटं. मी म्हटलं, आतोबांचं पूर्ण होऊ द्या, नाहीतर मी उठून जाईन."

"केतकी, एक सांगायचं होतं..."

"चांगलं असेल तरच सांगा हं." ती हसत होती, पण तिनं माझं मनगट धरलं होतं आणि तिची बोटं बर्फासारखी गार होती. "ह्या खेपेला मी ठरवलंय, वाईट काही ऐकायचंच नाही. बातम्यासुद्धा बंद केल्यात. परवा आई नुसती म्हणाली, जपून जिना उतर, तर रात्रभर मला झोप लागली नाही. आता दोनच महिने राहिलेत, आतोबा. एवढे दोन महिने मला कुणी घाबरवू नका."

मी "नाही" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

वहिनी आल्या. चांदीच्या वाटीत चटणी काढलेली होती, हिरवी, गुळानं चकाकणारी, वर चमचा. फोटोग्राफर पुढे सरकला. "ताई, चमचा जरा तोंडाजवळ. हां. इकडं बघा. हसा."

केतकीनं वाटी घ्यायला हात पुढे केला.

मी मधे हात घातला आणि वाटी घेतली.

सगळ्यांना वाटलं, मी ती तिला देणार. सांडून टाकली असती तर अपशकुन म्हणून ती पुन्हा घाबरली असती. मी चमचा बाजूला काढला, बोटं घातली आणि खायला लागलो. पहिला घास तोंडात गेला तेव्हा कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. दुसऱ्या घासाला फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला. चटणी झणझणीत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, दातांखाली बारीक कचकच लागत होती. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा सुरू करायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

"अहो दाजी, तिची आहे ती! पोटुशीची आहे!" वहिनी ओरडल्या.

"छान झालीय," मी भरल्या तोंडानं म्हणालो.

एक बाई फिसकन हसली आणि मग बांध फुटला. "सांगलीत कैरी मिळत न्हाई वाटतं!" "जावयाचंच डोहाळजेवण करा की!" "कुठला महिना हो?" केतकी आधी बावरली, मग तीही हसायला लागली, तोंडावर हात धरून, पोट धरून. फोटोग्राफरनं फोटो काढला.

वाटी संपली. वहिनी खलाकडे वळल्या. "थांब गं केतू, खलात थोडी राहिलीय..."

त्यांच्या आधी मी खलापाशी पोचलो. उरलेली चटणी बोटानं निपटून काढली आणि तीही खाल्ली. खलाच्या तळाला, जिथे कैरी वाटली होती तिथे, दगडाची कळा गेली होती आणि खाली राखाडी डाग दिसत होता. की मला तसा भास झाला, कोण जाणे. तेव्हा माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, पाणीही होतं.

"शालू!" उदयराव कडाडले. "हा तुझा नवरा! विद्वान! पोटुशीच्या तोंडातला घास काढून खातोय!" मग माझ्याकडे वळून, "सगळ्या गावासमोर खल चाटायलासा? लाज वाटत नाही? न्या तो घरी! घेऊन जावा! घरी बसून चाटा!"

"बरं," मी म्हणालो.

आणि खल उचलला. तो माझ्या समजुतीपेक्षा जड होता. छातीशी धरला, बत्ता बगलेत मारला आणि चालायला लागलो. खलांच्या मनोऱ्याजवळून, पत्रकाराच्या जवळून, फलकाखालून बाहेर. उदयरावांना तो परत मागता येईना. सगळ्यांच्या देखत त्यांनीच दिला होता. मागे हसण्याचा असा कल्लोळ उठला की रस्त्यावरचे रिक्षावालेसुद्धा आत डोकावायला लागले.

भाषण राहिलंच.

शालन स्टँडवर आली तेव्हा सांगलीची एसटी सुटण्याच्या बेतात होती. ती माझ्या शेजारी बसली, पण मधे पिशवी ठेवून. खल माझ्या मांडीवर होता.

"काय आजोबा, देव नेताय काय?" कंडक्टरनं विचारलं.

"देव नाही. खल," शालन म्हणाली. "दोन तिकिटं द्या, एक माणसाचं आणि एक ह्यांचं."

जयसिंगपूर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग बाहेरच बघत म्हणाली, "दादा तुम्हाला लग्नापासून हसतो. मी ऐकून घेत आले. मनात म्हणायची, हसू दे, ह्यांची लायकी त्याला कळत नाही. आज कळली. त्याला नाही, मला."

मी खल घट्ट धरला. पोटात गुरगुरत होतं. तोंड उघडायची मला भीती वाटत होती.

घरी आल्यावर मी खल पुस्तकांच्या खोलीत, सगळ्यांत खालच्या फळीवर ठेवला. शालन चूळ भरून आली, थोडा वेळ दारात उभी राहिली आणि मग पदर खोचून खल उचलायला वाकली. राग आला की ती भांडी घासते.

"मोरीत नको," मी म्हणालो.

"का?"

"मोरीत नको धुऊ. धुऊच नको."

ती वाकलेलीच राहिली. मग हळूहळू सरळ झाली.

"बाबाही असंच म्हणायचे," ती म्हणाली. "'मोरीत नको.' धुवण परसात टाकायचे, पार कुंपणापाशी. तिथं एक खड्डा होता. त्या खड्ड्याभोवती गवत उगवायचं नाही." ती खलाकडे बघत होती. "सोवळ्याचं पाणी तर तुळशीला घालतात."

मी खल फळीवर आणखी आत सरकवला.

"काय होतं त्यात?"

"पारा. बहुतेक. नक्की नाही सांगता येत."

"दादाला सांगितलंत?"

"सांगितलं."

"आणि केतकीला..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. केतकी दुसऱ्या खेपेनंतर आमच्याकडेच येऊन राहिली होती. शालननंच तिला भरवलं होतं, एकेक घास. पुढचं तिला मी सांगायची गरज नव्हती.

ती माझ्या समोरच्या स्टुलावर बसली.

"आणि त्यात काही नसलंच तर?"

"मग मी हावरट. एवढंच."

"वाटीभर खाल्लंत?"

"खलातलंही थोडं."

"मूर्ख," शालन म्हणाली. आतापर्यंत ती मला पुष्कळ काही म्हणाली होती, पण हा शब्द तिनं कधी वापरला नव्हता. "मूर्ख माणूस!" असं म्हणत ती उठली, माझा चेहरा दोन्ही हातांत धरून तिनं तो खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि जीभ बाहेर काढायला लावली, वैद्याच्या मुलीसारखी.

माझं पोट दोन दिवस बिघडलं. ते पाऱ्यानं की मिरच्यांनी, मला आजही सांगता येणार नाही. खल त्याच फळीवर आहे. त्याला कुणी शिवत नाही.

उदयरावांचे खलही पुष्कळ खपले. आतून गुळगुळीत असल्यामुळे ते किल्ल्या आणि सुट्टे पैसे ठेवायला फार सोयीचे पडतात, असं मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

केतकीला मुलगी झाली. बारशाला आम्ही गेलो. पंगतीत मी बसलो आणि उदयराव स्वतः वाढायला आले, हातात झाकलेली वाटी घेऊन. सगळी पंगत आधीच दबून हसत होती. त्यांनी ती माझ्या पानापाशी ठेवली आणि झाकण उचललं. कैरीची चटणी.

"काय दाजी, वाटीभर पुरंल का? का खलच आणू?"

तेव्हापासून हे चालूच आहे. लग्न असो, मुंज असो, माझ्या पानापाशी वाटी येते. केतकीची मुलगी आता कॉलेजात जाते, तीही आणते. "आजोबा, वाटीभर?"

पण त्या पहिल्या वेळी, बारशाच्या पंगतीत, सगळ्यांत मोठ्यानं हसली ती शालन. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पाळण्याकडे पाहिलं, मग ती वाटी आपल्या हातानं माझ्या पानाच्या आणखी जवळ सरकवली.

"वाढ रे दादा, वाढ त्यांना," ती म्हणाली. "त्यांच्याइतकं कुणी खाणार नाही."